जीप बघायला जाताना खडू आणि हातोडी न्या

वाईजवळच्या एका गावातून पत्र आलंय. लिहिणारे शाळेत शिक्षक आहेत, घरची थोडी शेती आहे. पत्र थोडक्यात असं:

"माझे वडील पाटबंधारे खात्यात ड्रायव्हर होते. पंचवीस वर्षं त्यांनी खात्याची जीप चालवली. आता ते ७६ वर्षांचे आहेत. त्यांच्यासाठी, आणि थोडी माझ्या हौसेसाठीही, जुनी फोर बाय फोर जीप घ्यायचं मनात आहे. रविवारी घाटात एखादी चक्कर आणि एरवी शेतावर जाणं-येणं, एवढाच वापर. कराडकडे एक जीप सापडली आहे. मालक म्हणतात, १९४४ ची मिलिटरी डिस्पोजल विलीज आहे, फोर व्हील चालू आहे, कागद क्लिअर आहेत, डिझेल इंजिन टाकलंय म्हणून ॲव्हरेजही चांगलं देते. आरसी बुकावर मात्र १९६२ आणि पेट्रोल असं लिहिलंय. व्हिंटेजमध्ये पासिंग सहज होईल असंही ते म्हणतात. किंमत पावणेपाच लाख. रंग नवा कोरा, हिरवा. फोटो जोडले आहेत. भाऊ म्हणतो, त्यात भर घाल आणि नवी गाडी घे. मला इंजिनातलं काही कळत नाही. बघायला जाताना काय तपासू?"

सर, तुमचे फोटो मी मोठे करून दोन-तीनदा पाहिले. पहिलं उत्तर त्यातच मिळालं. ही १९४४ ची गाडी नाही.

दुसऱ्या महायुद्धातल्या जीप १९४१ ते १९४५ या काळात बनल्या. विलीजची एमबी आणि फोर्डची जीपीडब्ल्यू मिळून सहा लाखांच्या वर. त्यांच्या पुढच्या जाळीला उभ्या नऊ फटी असतात, मागे उघडणारं फळकूट नसतं, स्टेपनी मागच्या पत्र्यावर असते आणि पेट्रोल भरायचं झाकण ड्रायव्हरच्या सीटखाली असतं. तुमच्या फोटोतल्या गाडीला सात फटी आहेत, मागे फळकूट आहे, पेट्रोलचं झाकण बाहेर बॉडीच्या बाजूला आहे. शिवाय बॉनेट उंच आहे, अगदी खोक्यासारखं. ही सगळी सीजे ३ बी या विलीजच्या युद्धानंतरच्या मॉडेलची लक्षणं. अमेरिकेत ती १९५३ पासून निघाली. तिच्या हरिकेन इंजिनात इनलेटचे वॉल्व्ह वर हेडमध्ये नेले, त्यामुळे इंजिनाची उंची वाढली आणि ते मावावं म्हणून बॉनेट उंच करावं लागलं. महिंद्रांनी हीच गाडी मुंबईत लायसन्सवर वर्षानुवर्षं बनवली. म्हणजे आरसी बुकातलं १९६२ खरं दिसतं आणि मालकांच्या तोंडचं १९४४ चुकीचं. ते मुद्दाम खोटं सांगतायत असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे कुठल्याही जुन्या जीपला विलीज म्हणायची आणि कुठल्याही विलीजला मिलिटरीची म्हणायची पद्धतच पडून गेली आहे.

मला तरी यात वाईट वाटण्यासारखं काही दिसत नाही. तुमच्या वडिलांनी खात्यात जी जीप चालवली ती बहुधा याच जातीची असणार. फक्त युद्धातल्या गाडीचा भाव सीजे ३ बी ला द्यायचा नाही. खरंच लष्करी लिलावातली असेल तर लिलावाचं पत्र असतं. ते नसेल तर 'मिलिटरी डिस्पोजल' या शब्दांना किंमत शून्य.

आता कागद. कराडला जायच्या आधीच यांचा निकाल लावा, कारण मला सगळ्यात जास्त काळजी इथे वाटते. आरसीवर पेट्रोल आणि बॉनेटखाली डिझेल. आपल्याकडे शेकडो जुन्या जीपांची हीच कथा आहे. पेट्रोल परवडेना, म्हणून कुणी मॅटाडोरचं इंजिन बसवलं, कुणी महिंद्राचंच पुढच्या काळातलं डिझेल. बसवलं, पण कागदावर घेतलं नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हा मुद्दा आणखी पक्का केला. तेव्हा मालकांना फोनवर एकच प्रश्न विचारा: "आत्ता गाडीत असलेल्या इंजिनाचा नंबर आणि डिझेल ही नोंद आरसीवर आहे का?" उत्तर "होऊन जाईल, आपला एजंट आहे" असं आलं, तर ते काम आधी त्यांनी करून द्यावं आणि मग पैसे घ्यावेत. आपल्या नावावर गाडी झाल्यावर ती भानगड निस्तरायला घेऊ नका. अपघात झाला तर विमा कंपनी पहिल्यांदा आरसी आणि इंजिन नंबर जुळवून बघते.

व्हिंटेज पासिंगबद्दलही नीट सांगतो. केंद्राचा नियम जुलै २०२१ मध्ये आला. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली, मूळ स्थितीतली गाडी त्यात बसते. चॅसी (गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा), बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेली बसत नाही. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार, फेरनोंदणीचं ५ हजार, मुदत १० वर्षं. वयाने तुमची १९६२ ची जीप पात्र आहे, पण डिझेल इंजिनामुळे तिथेच घोडं पेंड खातं. आणि समजा मूळ हरिकेन इंजिन मिळवून बसवलंत, तरी व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती अशा कामांपुरतीच ती बाहेर काढायची. तुम्हाला तर शेतावर जायचंय. मग त्या नोंदणीचा उपयोग काय? माझं स्पष्ट मत आहे की साधीच नोंदणी चालू ठेवा: दर पाच वर्षांनी फिटनेस, पर्यावरण कर, विमा, आणि नव्या पद्धतीची नंबर प्लेट.

आरसीची मुदत शेवटची कधी वाढवली ते बघा. जुन्या तीन अक्षरी नंबरांच्या कितीतरी गाड्यांची नोंद आरटीओच्या संगणकावर चढलेलीच नसते. हातात पुस्तक असतं, पण परिवहनच्या वेबसाइटवर नंबर टाकला की काहीच येत नाही. तसं असेल तर आधी जुन्या रजिस्टरवरून नोंद चढवून घ्यावी लागते आणि त्यात महिनेच्या महिने जातात. हे काम विकणाऱ्यानेच करून द्यायचं असतं. गाडी दुसऱ्या राज्यातून आलेली असेल तर एनओसी. बँकेचा बोजा असेल तर तो उतरवल्याचा कागद. फॉर्म २९ आणि ३० वर सही देणारा माणूस आणि आरसीवरचा मालक एकच आहे ना, हेही बघा. तीन हात फिरलेली आणि पहिल्याच मालकाच्या नावावर असलेली गाडी असेल, आणि तो पहिला मालक हयात नसेल, तर वारसांच्या सह्या गोळा करता करता दमछाक होते.

कागद जुळले तरच कराडची गाडी पकडा. जाताना दोन माणसं, एक छोटी हातोडी, खडू, चुंबक, टॉर्च, जॅक आणि लाकडाचे चार ठोकळे न्या. आणि मालकांना आदल्या दिवशी सांगून ठेवा की इंजिन थंड ठेवा, मी आल्यावर चालू करू.

पोचल्यावर रंगाकडे बघू नका, गाडीखाली झोपा. जीपचा जीव चॅसीत असतो. पत्रा नवा मिळतो, इंजिन कोल्हापूरच्या उद्यमनगरात नेऊन बोअर करून नव्यासारखं बांधून मिळतं, पण नंबर कोरलेली मूळ चॅसी गेली की ती गाडी कागदावर गेलीच. हातोडी घ्या आणि दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांवर पुढून मागे, दर वितीवर हलकी टिचकी मारत या. निरोगी लोखंड खणखणतं. जिथे आवाज बद्द येईल तिथे थांबा. मागचे पाटे (स्प्रिंग) जिथे शॅकलने, म्हणजे हलत्या कडीने, चॅसीला लटकतात तो भाग आणि सगळ्यात मागची आडवी पट्टी, या दोन ठिकाणी चिखल साठतो आणि आतून गंज धरतो. मी एकदा एका चकचकीत जीपच्या मागच्या शॅकलपाशी असंच ठोकलं. दोन टिचक्यांत रंगाची पापडी सुटली, खालून काळ्या डांबराचा थर निघाला, डांबराखालून लांबी (पत्र्याचे खड्डे बुजवायचा लगदा), आणि लांबीखाली बोट आत जाईल एवढं भोक. पाटा नुसत्या लांबीच्या आणि रंगाच्या भरवशावर उभा होता. त्या गाडीला पुढच्याच आठवड्यात कुणीतरी घाट उतरवणार होतं.

पुढच्या बाजूला इंजिन जिथे टेकतं तिथे आणि स्टिअरिंग बॉक्सच्या बोल्टांभोवती टॉर्च मारून केसासारखी बारीक चीर आहे का बघा. डिझेल टाकलेल्या गाडीत इथे जास्त बघायचं, कारण ते इंजिन मूळ पेट्रोल इंजिनापेक्षा जड असतं, थरथर जास्त करतं, आणि त्याची बैठक गावातल्या वेल्डरने अंदाजाने बनवलेली असते. वेल्डिंग दिसलं म्हणून घाबरू नका. साठ वर्षांच्या गाडीला वेल्डिंग असणारच. ते सरळ, भरीव आणि आतून पट्टी देऊन केलेलं आहे, की वरून नुसते थेंब टाकलेत, एवढा फरक नवख्यालाही कळतो.

चॅसीवर कोरलेला नंबर मालकांना दाखवायला सांगा. त्यावर कागद धरून पेन्सिल घासा, आरटीओत घेतात तसा ठसा घ्या. अक्षरं एका ओळीत, एका खोलीची असायला हवीत. आजूबाजूला घासल्याच्या खुणा, वेगळा तुकडा जोडल्याची रेघ, किंवा नुसती रिबेट मारलेली पट्टी आणि खाली काहीच नाही, यातलं काही दिसलं तर नमस्कार करून परत या. हरियाणातल्या मंडी डबवालीसारख्या ठिकाणी जीप बांधायचा मोठा धंदा आहे, तिथे कारागीर उत्तम आहेत. पण नव्या पत्र्याची, चार गाड्यांच्या भागांतून जुळवलेली जीप एखाद्या मेलेल्या गाडीच्या कागदावर चालत असेल, तर ती तुमची कधीच होत नाही.

आता ज्यासाठी तुम्ही जीप घेताय ते. 'फोर व्हील चालू आहे' याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो की फोर व्हीलची दांडी पडते. २००३ साली मी स्वतः याला फसलो. भोरच्या पुढे एक जीप घेतली. दांडी गुळगुळीत पडत होती, खाली वाकून बघितलं तर पुढचा प्रॉपेलर शाफ्ट (ॲक्सलला ताकद पोचवणारा दांडा) मस्त फिरत होता. मी खूश. जुलैत चिखलणी चालू असताना खाचराच्या कडेला गाडी रुतली. फोर व्हील टाकलं, मागची चाकं चिखल उडवत खड्डा करत राहिली, पुढची दोन्ही ढिम्म. शेवटी ट्रॅक्टरने ओढून काढली. हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, खोलल्यावर कळलं की आत चाकं फिरवणारे ॲक्सल शाफ्टच नाहीत. आधीच्या कुठल्यातरी मालकाने डांबरी रस्त्यावर गाडी हलकी चालावी म्हणून दोन्ही काढून टाकले होते. बाहेरून सगळं जागच्या जागी दिसत होतं.

म्हणून ही परीक्षा तुम्ही स्वतः करा, दहा मिनिटं लागतात. सपाट मातीवर गाडी उभी करा, मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा, पुढचा ॲक्सल जॅकवर घेऊन दोन्ही पुढची चाकं जमिनीपासून सोडवा आणि खाली भक्कम आधार द्या. इंजिन बंद. हबला फिरवायचं लॉक असेल तर ते लॉकवर. फोर व्हीलची दांडी टाका. आता एक पुढचं चाक हाताने फिरवा. समोरचं चाक तेवढंच, पण उलट दिशेला फिरलं पाहिजे. फिरलं, म्हणजे दोन्ही शाफ्ट आहेत आणि डिफरन्शियल (दोन चाकांना वेगळ्या वेगाने फिरू देणारी ॲक्सलमधली गिअरची जोडणी) जोडलेलं आहे. एक चाक फिरतंय आणि दुसरं स्वस्थ उभं आहे, तर आत काहीतरी नाही किंवा तुटलंय. दोन्ही चाकं एकाच दिशेला सहज फिरतायत, तर दांडी पडतेय पण आत गिअर लागत नाही.

दुसरी परीक्षा खडूची. जुळवलेल्या गाड्यांत पुढचा ॲक्सल एका जीपचा आणि मागचा दुसरीचा असं सर्रास होतं, आणि दोन्हींच्या क्राउन-पिनियनचं (ॲक्सलमधल्या गिअरच्या जोडीचं) प्रमाण वेगळं निघतं. सीजे ३ बी चं मूळ प्रमाण ५.३८, म्हणजे चाक एकदा फिरेपर्यंत शाफ्ट सव्वापाच फेऱ्यांहून थोडा जास्त फिरतो. पुढे-मागे वेगळं प्रमाण असेल तर फोर व्हील टाकल्याबरोबर दोन्ही ॲक्सल एकमेकांशी भांडायला लागतात आणि ट्रान्सफर (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरबॉक्स) किंवा शाफ्टचा क्रॉस (सांधा) मोडतो. तपासायचं कसं? गाडी टू व्हीलवर, गिअर न्यूट्रल, हब लॉक. दोन्ही प्रॉपेलर शाफ्टवर खडूची रेघ मारा, एका पुढच्या आणि एका मागच्या चाकावरही मारा. एकाने गाडी सरळ रेषेत हळू ढकलायची, बाकी दोघांनी वाकून मोजायचं. चाकाच्या चार फेऱ्यांत दोन्ही शाफ्टचे फेरे सारखे आले पाहिजेत. चारही टायर एका मापाचे आहेत ना, हे त्याआधी बघा. नाहीतर मोजणी चुकेल, आणि तसे टायर ट्रान्सफरलाही घातकच.

मग चालवून बघा, पण मातीत किंवा नांगरटीत. या जीपमध्ये पुढच्या-मागच्या ॲक्सलच्या मध्ये डिफरन्शियल नसतं, त्यामुळे कोरड्या डांबरावर फोर व्हील टाकून वळण घेतलं की सगळ्या शाफ्टांना पीळ पडतो. "इथेच रस्त्यावर टाकून दाखवतो" असं कोणी म्हणालं तर नको म्हणा. गिअरच्या दांडीशेजारी दोन छोट्या दांड्या असतात: एक पुढची चाकं जोडायची, दुसरी हाय आणि लो ची (लो म्हणजे वेग कमी, जोर जास्त). पुढची चाकं जोडल्याशिवाय लो पडू नये अशी आत अटक असते. ती काढलेली नाही ना, बघा. चढावर लो मध्ये सेकंड टाकून चढा आणि मग उताराला ॲक्सिलरेटर सोडून द्या. गाडीचं सगळं वजन इंजिनावर येतं त्या क्षणी दांडी उडून न्यूट्रल झाली, तर आतले गिअर झिजलेत. उतारावर हे होणं जिवावरचं असतं. त्यामुळे ही परीक्षा छोट्या उतारावर, पाय ब्रेकवर ठेवूनच करायची.

तेल गळतंय म्हणून गाडी नाकारू नका. ट्रान्सफरखाली एकही थेंब नसेल तर मी उलट आत तेल आहे का ते विचारतो. पण एक गोष्ट बघा. या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्सफरच्या मागे शाफ्टवर ड्रम असतो त्यात असतो. मागचं सील गेलं की तेल थेट त्या ड्रममध्ये उतरतं. चढावर थांबून हँडब्रेक ओढा. धरत नसेल तर बहुधा सीलचं काम आहे. ते फार महाग नसतं, पण किंमत ठरवताना बोलायला उपयोगी पडतं.

पुढच्या चाकांच्या मागे लोखंडी गोळे दिसतील, स्टिअरिंग वळवलं की त्यांच्यावरूनच चाक फिरतं. ते पुसून बघा. गुळगुळीत आणि ग्रीसने ओले असतील तर ठीक. गंजून खड्डे पडले असतील तर सील कितीही बदला, पाणी आत जाणारच. चाक जॅकवर असतानाच वर आणि खाली धरून हलवा. खडखडलं तर एकाला ब्रेक दाबून धरायला सांगा. खेळ थांबला तर चाकाचं बेअरिंग, तरीही राहिला तर किंगपिन, म्हणजे चाक ज्यावर वळतं ती खीळ. किंगपिन आणि पुढच्या आडव्या पट्टीवरचा बेल क्रँक (स्टिअरिंगचा मधला सांधा) हे दोन्ही झिजले की साठच्या वेगाला पुढची चाकं अशी थडथडायला लागतात की स्टिअरिंग हातात राहत नाही. ज्याने हे एकदा अनुभवलंय तो विसरत नाही.

ब्रेक पेडल मिनिटभर दाबून धरा, हळूहळू खाली बसलं तर मास्टर सिलिंडर (ब्रेकचा मुख्य पंप) गेलाय. तो फळीखाली चॅसीवर असतो, चिखलपाणी त्याच्यावरच उडतं. जुन्या व्यवस्थेत चारही चाकांना मिळून एकच लाइन. एक होज (ब्रेकची रबरी नळी) फुटला की ब्रेकच नाहीत. पसरणीचा घाट उतरायचा असेल तर गाडी घेतल्या दिवशीच चारही होज, व्हील सिलिंडर आणि मास्टर नवे टाका. यात काटकसर करू नका.

इंजिनाचं मी थोडक्यात सांगतो, कारण ते बांधता येतं. थंड असताना चालू करा. चांगलं तापल्यावर तेल भरायचं झाकण काढून बघा, भकाभका धूर येत असेल तर रिंग-पिस्टनचं काम आलं. थंड असतानाच रेडिएटरचं झाकण उघडून ठेवलंत आणि पाण्यात सतत बुडबुडे दिसले, तर हेड गॅस्केट किंवा ब्लॉकला तडा. गरम झाल्यावर मात्र ते झाकण अजिबात उघडू नका. मूळ हरिकेन इंजिन असलेली दुसरी एखादी जीप मिळाली तर तिचा नंबर ब्लॉकवर पुढे, पाण्याच्या पंपाजवळच्या उंचवट्यावर मिळेल. तोही आरसीशी जुळवा. तशा पेट्रोल गाडीत इंधन पंपाचा पडदा आणि रबरी नळ्या हल्लीच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला टिकतील अशा घालून घ्या. जुनं रबर फुगतं, मऊ पडतं आणि गळतं. आणि खाली सायलेन्सर तापलेला असतो.

पत्र्यावर चुंबक फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे लांबी आहे. हौद्याच्या तळाला आडव्या पन्हळी असतात, जुन्या जीपांत त्यांच्या आत लाकडाच्या पट्ट्या घातलेल्या असायच्या. लाकूड पाणी पितं आणि पत्रा आतून कुजतो. कोकणात राहिलेली गाडी असेल तर इथे नक्की बघा. एरवी पत्र्याचं फार मनाला लावून घेऊ नका.

तुमच्या भावाचं म्हणणं चूक नाही. पहिल्या गिअरला सिंक्रो नसलेली (म्हणजे चालत्या गाडीत तो गिअर सहज न पडणारी), साठच्या वर गेली की कानठळ्या बसवणारी, पावसात चारी बाजूंनी भिजवणारी ही गाडी घरातली एकुलती एक गाडी म्हणून घ्यायची नसते. दुसरी गाडी दारात असेल, आणि किमतीच्या निदान चौथा हिस्सा रक्कम पहिल्या वर्षाच्या कामासाठी बाजूला ठेवता येत असेल, तरच घ्या. सुटे भाग मिळतात, ती चिंता नाही. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ला, दोन्हीकडे सीजे ३ बी चं जवळपास सगळं सापडतं. भारतात ती इतकी वर्षं बनत राहिली, त्याचा हा फायदा.

या कराडच्या जीपबद्दल माझा कौल असा: डिझेल आरसीवर चढवून मिळत नसेल तर सोडून द्या, कितीही स्वस्त केली तरी. चढलेलं असेल आणि चॅसी खणखणीत निघाली, तर १९४४ चं नाव वजा करून भाव बोला. टोकन द्यायचंच झालं तर थोडं द्या आणि पावतीवर लिहून घ्या की नाव ट्रान्सफर होईपर्यंत बाकी रक्कम देणं नाही, आणि कागदात खोट निघाली तर टोकन परत.

आणि वडिलांना बरोबर घेऊन जा. सरप्राइज द्यायचं म्हणून त्यांना घरी ठेवू नका. पंचवीस वर्षं ज्यांनी ही गाडी हाकली, त्यांच्या हाताला आणि कानाला जे कळेल ते मला फोटोवरून कळणार नाही आणि तुम्हाला हातोडीने. त्यांना सीटवर बसवा, क्लच दाबायला सांगा, तब्येत साथ देत असेल तर शेताच्या बांधापर्यंत चालवू द्या. गिअर टाकताना त्यांचा चेहरा बघा. चॅसी नंबरचा घासलेला ठसा आणि आरसीची दोन्ही पानं यांचा फोटो मला पाठवा, मी जुळवून सांगतो.